कामाच्या ठिकाणचं आरोग्य, वेलबीइंग आणि एंगेजमेंट : नागपुरात राहून या विषयात संशोधन करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमए, एमबीए, एमएसडब्ल्यू झालेली मुलं-मुली आणि मधूनच एखादा नोकरीला कंटाळलेला एचआरवाला, सगळे साधारण तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा सलग लिहून ठेवली आहेत. प्रश्न ज्या शब्दांत येतात, शक्यतो त्याच शब्दांत ठेवलेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच बहुतेकांचा घोळ होतो.

मॅडम, या विषयाचं डिपार्टमेंट कोणतं?

एक असं नाही. मानसशास्त्रात तो औद्योगिक मानसशास्त्र म्हणून येतो, मॅनेजमेंटमध्ये ओबी-एचआर (संस्थेतलं वर्तन आणि मनुष्यबळ) म्हणून, एमएसडब्ल्यूत कामगार कल्याण म्हणून आणि मेडिकलला पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागात व्यावसायिक आरोग्य म्हणून. नागपूर विद्यापीठात वेगवेगळ्या विद्याशाखांत विखुरलेला सापडेल. आयआयएम नागपूर आणि व्हीएनआयटीतही पीएच.डी. होते, त्यांचे प्रवेश वेगळे.

विभाग निवडताना एवढंच बघा की तिथे पुरावा कशाला म्हणतात. पीएसएमवाले रक्तदाब आणि फुंकर मारून केलेली फुप्फुसाची तपासणी मागतील. मानसशास्त्रवाले प्रश्नावलीची विश्वासार्हता विचारतील. मॅनेजमेंटवाल्यांना गैरहजेरी आणि किती जण सोडून गेले ते हवं असतं. समाजकार्यवाले म्हणतील, त्या माणसाच्या घरी जाऊन आलात का? चारही मागण्या रास्त आहेत, पण एका पीएच.डी.त चारही भागत नाहीत.

आरोग्य, वेलबीइंग, एंगेजमेंट, सगळं एकच ना शेवटी?

नाही, आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत येण्याचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.

एंगेजमेंटची चर्चा शास्त्रात बहुतेक जण विल्यम कान यांच्या 1990च्या लेखापासून सुरू करतात. त्यांनी उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुविशारद फर्ममधली माणसं बघितली आणि विचारलं की माणूस कामात स्वतःला कधी ओततो आणि कधी नुसता हजर राहतो. पुढे नेदरलँड्समध्ये शॉफेली, बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची मोजपट्टी केली, ती यूडब्ल्यूईएस. उत्साह, निष्ठा आणि तल्लीनता असे तिचे तीन भाग. मूळ 17 वाक्यं, आखूड आवृत्तीत 9, आणि प्रत्येकाला 'कधीच नाही' ते 'रोज' असं 0 ते 6 मध्ये उत्तर.

बर्नआउटची, म्हणजे कामाने माणूस पार थकून-विटून जाण्याच्या अभ्यासाची, परंपरा वेगळी. क्रिस्टिना मॅसलॅक यांची मोजपट्टी 1981ची. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित घटना म्हणून. सिनॉप्सिसमध्ये 'बर्नआउटचे रुग्ण' असं लिहिलंत तर जाणता परीक्षक तिथेच थांबतो.

आता व्यवहारातलं उदाहरण. वॉर्डात रात्रपाळी करणारी सिस्टर घ्या. कामात तिचा जीव आहे, एंगेजमेंटचा स्कोअर उत्तम येईल. तिची झोप मोडलेली आहे, साखर वाढलेली आहे, म्हणजे आरोग्य बरं नाही. घरी मुलाच्या परीक्षेला थांबता येत नाही म्हणून आयुष्याबद्दलचं समाधान, म्हणजे वेलबीइंग, बेताचं. तीन मोजमापं, तीन वेगळी उत्तरं, माणूस एकच. या तिन्हींची सरासरी काढून 'वेलनेस इंडेक्स 68' असं सांगणारे अहवाल कॉर्पोरेटमध्ये खूप फिरतात. ते वाचा, पण थिसिसमध्ये आणू नका.

हे तर एचआरचंच काम झालं. यात संशोधन ते काय?

एचआर विचारतं, आपली माणसं खूश आहेत का आणि टिकतील का. संशोधक विचारतो की कामाच्या कोणत्या गोष्टीमुळे माणसाचं काय होतं. वरवर दोन्ही सारखे वाटतात, पण एचआरच्या प्रश्नात काम आहे तसंच राहतं आणि माणूस तपासला जातो. आपल्या प्रश्नात पाळी, वेग, ऊन, ठेका, साहेबाची भाषा, लघवीला जाण्याची मुभा, हे सगळं तपासाखाली येतं. माझ्या मते या विषयात टिकायचं की नाही हे इथेच ठरतं. कामाला हात न लावता माणसाला लवचीक बनवण्यात ज्याला रस आहे, त्याने खुशाल ट्रेनर व्हावं. त्यात पैसेही जास्त आहेत.

सुरुवातीला कोणते सिद्धांत पक्के करू?

तीन पुरेत. रॉबर्ट कारासेक यांचं 1979चं मॉडेल: कामाचा ताण जास्त आणि कामावरचा ताबा कमी, हे जोडपं सगळ्यात घातक. योहानेस सीगरिस्ट यांचं 1996चं: मेहनत किती आणि मोबदला, मान, बढती किती, यातली तफावत. आणि 2001चं जेडी-आर मॉडेल, ज्यात कामाच्या मागण्या एका बाजूला आणि कामातली साधनं दुसऱ्या बाजूला मांडली जातात. हल्लीचे निम्मे थिसिस या तिसऱ्यावर चालतात, कारण त्यात काहीही बसवता येतं. तीच त्याची अडचणही आहे.

सिद्धांतांच्या आधी मात्र व्हाइटहॉलचा अभ्यास वाचा. लंडनमध्ये 1967 साली सुरू झाला, सुमारे 18,000 सरकारी कर्मचाऱ्यांवर, सगळे पुरुष. सगळे कार्यालयात बसणारे, पक्क्या नोकरीचे, कोणीही उपाशी नाही. समजूत अशी होती की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा आजार. निघालं उलट. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सगळ्यात वरच्या श्रेणीपेक्षा सुमारे तिप्पट. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरलं तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. मग 1985 साली दुसरा अभ्यास सुरू झाला, यावेळी 10,308 स्त्री-पुरुषांवर, आणि मायकल मार्मट यांच्या चमूने दाखवलं की कामावरचा ताबा कमी असणं हा त्या उरलेल्या फरकाचा महत्त्वाचा धागा आहे.

आपल्या कलेक्टर ऑफिसातला शिपाई, लिपिक आणि उपजिल्हाधिकारी डोळ्यांसमोर आणून हे वाचा. विषय लगेच अंगावर येतो.

नागपुरात अभ्यासाला आहे काय? त्यासाठी पुण्या-मुंबईलाच जावं लागेल ना?

या प्रश्नावर मला दरवेळी हसू येतं. देशात मोजक्या शहरांभोवती एवढ्या प्रकारचं काम एका तासाच्या अंतरात सापडत असेल.

वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथे, मॉइलचं इथे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचंही इथेच. उमरेडला उघडी कोळसा खाण, सावनेरला भूमिगत, मनसर-कांद्रीला मँगनीज. कोराडी आणि खापरखेड्याला औष्णिक वीज. हिंगणा आणि बुटीबोरीला एमआयडीसी. मिहानमध्ये आयटी कंपन्या, जिथे परदेशी घड्याळावर पाळ्या चालतात. कळमना मार्केटमध्ये हमाल, ज्यांच्यासाठी 1969चा माथाडी कायदा आहे. आणि रस्त्यावर मे महिन्यात दुपारी दोनला डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेतलेली पोरं.

खाणकामगारांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्थासुद्धा नागपुरातच होती. 2019 मध्ये केंद्राने ती आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करायचं ठरवलं. प्रोजेक्टवर काम शोधणाऱ्यांनी आयसीएमआरच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं ते यासाठी.

इतिहासही घरचाच आहे. जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. नागपूरकर जिथे आज मॉलमध्ये फिरायला जातात ती तीच जागा. त्या मिलमध्ये 1886 साली पेन्शन फंड सुरू झाला आणि 1895 साली अपघाताची भरपाई. हवा खेळती राहण्याची आणि दमटपणा राखण्याची यंत्रंही तिथे फार लवकर आली. कोणी म्हणेल मालक दयाळू होता, कोणी म्हणेल मजूर टिकत नव्हते, रोज हजेरी कमी पडत होती. दोन्ही खरं असू शकतं. कल्याणाची योजना कोणाच्या गरजेतून जन्मते हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजच्या वेलनेस ॲपलाही तोच लावायचा. या एका मिलवर ऐतिहासिक अंगाने करण्यासारखं काम अजून बरंच आहे, पण ते करायला कोणी फिरकत नाही. सगळ्यांना आयटीतला स्ट्रेस हवा असतो.

उन्हाचा विषय घेऊ का? त्यात नवीन काय करणार?

घ्या. नागपूरकराने उन्हावर काम न करणं म्हणजे घरचा आंबा सोडून बाजारातला विकत घेणं.

पण आधी एक समजून घ्या. वर्तमानपत्रात येतं ते 45 किंवा 46 अंश, ते सावलीतलं कोरडं तापमान. कामगाराच्या शरीरावर पडणारा भार त्यातून कळत नाही. त्यासाठी डब्ल्यूबीजीटी हा उष्णतेच्या भाराचा निर्देशांक मोजतात. स्टँडवर तीन तापमापक: एक ओल्या कापडात गुंडाळलेला, एक काळ्या पोकळ गोळ्यात बसवलेला, एक साधा. उन्हातल्या कामासाठी ओल्याला 70 टक्के वजन, गोळ्याला 20, साध्याला 10. शेडखाली असाल तर ओला 70 आणि गोळा 30. साध्या तापमापकाला शेडखाली काही किंमतच नाही, हे ऐकून विद्यार्थी गोंधळतात.

आता हे नागपूरला लावून बघा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही. आला तसा उडतो, आणि शर्टाच्या पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उरतो. माणसाला वाटतं आपल्याला घाम आला नाही, म्हणून तो पाणी कमी पितो. मृग लागून गेल्यावर तापमान उतरतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, कंपनी ताक वाटणं बंद करते. आणि नेमकं तेव्हा ओल्या बल्बचा आकडा चढतो. बंद शेडमध्ये डेझर्ट कूलर सुरूच असतो, खिडकी उघडी नसते, हवा चिकट होते आणि कूलर गार करण्याऐवजी दमटपणा वाढवतो. नवतपा संपला म्हणजे धोका संपला असं धरून आखलेलं वेळापत्रक तपासण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट थर्मामीटरमध्ये येतच नाही. बांधकामावरच्या बाया पाणी कमी पितात, कारण बाथरूम लांब आहे किंवा नाहीच. नगावर मजुरी घेणारा सावलीत बसत नाही, कारण बसलं की पैसे कमी. उन्हाच्या अभ्यासात मजुरीची पद्धत आणि संडासाचं अंतर मोजलं नाही, तर तुम्ही हवामान खात्याचंच काम पुन्हा केलंत.

कंपनी आत येऊ देते का?

देते, पण ज्या दारातून तुम्ही शिरता त्यावर पुढे काय दिसेल ते ठरतं. एचआरमधून गेलात तर एचआरला दाखवायचं ते दिसतं. प्लांट हेडला उत्पादनाची चिंता असते, त्यामुळे 'गैरहजेरी का वाढते' असं म्हटलं की तो ऐकतो. कोळशात युनियन जिवंत आहेत, तिथे त्यांना वगळून गेलात तर एकही माणूस खरं बोलणार नाही. दवाखाने, एसटी डेपो, सहकारी बँका, शाळा, इथे परवानगी तुलनेने लवकर मिळते आणि काम तितकंच रंजक असतं.

एका कारखान्याचा अनुभव सांगते, नाव नको. आम्हाला कर्मचाऱ्यांची यादी मिळाली, यादृच्छिक नमुना काढला, सगळं पुस्तकाप्रमाणे. शेडमध्ये गेल्यावर दिसलं की निम्म्या डोक्यांवर वेगळ्या रंगाचं हेल्मेट आहे. ती ठेकेदाराची माणसं, यादीत त्यांचं नाव नाही. धुळीत, भट्टीजवळ, गाडी भरायला तीच उभी. कायम कामगार बहुतेक पॅनलवर. यादीप्रमाणे अभ्यास केला असता तर निष्कर्ष आला असता की कारखान्यात सगळं आलबेल आहे. पुढे त्याच व्यवस्थापनाने विभागवार निकाल मागितले, आणि एका विभागात माणसं होती सहा. सहा जणांचा विभागवार निकाल म्हणजे नावानिशी निकाल. आम्ही दिला नाही आणि पुन्हा त्या गेटमधून आत जाता आलं नाही.

म्हणून करार करतानाच लिहून घ्या: कच्ची माहिती कोणालाही मिळणार नाही, लहान गट एकत्र करूनच दाखवले जातील, आणि निकाल छापायला कंपनीची संमती लागणार नाही. शेवटच्या अटीवर बरेच जण उठून जातात. जाऊ द्या.

प्रश्नावली मराठीत मिळते का? गुगल फॉर्म पाठवला तर चालेल?

बऱ्याच प्रसिद्ध मोजपट्ट्यांची मराठी भाषांतरं झाली आहेत. मूळ लेखकांची परवानगी आणि भाषांतराची तपासणी या दोन्ही गोष्टी बघून घ्या. काही मोफत असतात, काहींना पैसे पडतात.

गुगल फॉर्म मिहानमध्ये चालेल, बुटीबोरीच्या शेडमध्ये नाही. कागदावर घेतलं तरी कोण कुठे उभं आहे ते बघा. ट्रेनिंग हॉलमध्ये सुपरवायझर मागच्या भिंतीला टेकून उभा असेल तर सगळे फॉर्म एकाखाली एक ठेवून पाहा: टिका वरपासून खालपर्यंत एका सरळ रेषेत, सगळ्या '4'वर. 'मला माझं काम आवडतं' यालाही 4 आणि 'रोज काम सोडावंसं वाटतं' यालाही 4. असा डेटा सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नावलीच्या विश्वासार्हतेचा आकडा, कधी कधी झकास येतो, आणि पोरगं पेढे घेऊन येतं.

त्यापेक्षा टपरीवर बसा. पाळी सुटल्यावर, तर्रीपोहे समोर ठेवून, एकेक प्रश्न वाचून दाखवा. वेळ लागतो. पहिली दहा मिनिटं माणूस तुम्हालाच तपासतो. "मॅडम, हे आमच्या साहेबाले तं नाही ना दाखवत?" हा प्रश्न आला की समजावं, आता खरं बोलणं सुरू होणार. तो आलाच नाही, तर उत्तरं जपून वापरा.

योगा डे, हेल्थ कॅम्प, झुंबा असल्या उपक्रमांचा परिणाम असा विषय घेतला तर सोपा पडेल ना?

सोपा पडेल आणि म्हणूनच निम्म्यांचा तोच असतो. मांडणी ठरलेली: योगाला येणारे 100, न येणारे 100, दोघांची तुलना, येणारे जास्त निरोगी, म्हणून योगाने आरोग्य सुधारतं. यातली गफलत दिसतेय का? ज्याला सकाळी सातला योगा मॅटवर यायला वेळ आणि त्राण आहे, तो आधीच बरा आहे. दुहेरी पाळी करून आलेला झोपलेला आहे.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने हे नीट तपासलं. सुमारे 5,000 कर्मचारी, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले: काहींना वेलनेस कार्यक्रमाचं आमंत्रण, काहींना नाही. नुसती येणाऱ्या-न येणाऱ्यांची तुलना केली तर कार्यक्रम फार उपयोगी दिसत होता. चिठ्ठीने पडलेल्या गटांची तुलना केल्यावर वैद्यकीय खर्चावर आणि बहुतेक सवयींवर ठळक फरक उरला नाही. त्याच वर्षी, 2019 मध्ये, बीजेज या दुकानसाखळीतल्या सुमारे 33,000 कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. लोकांनी सांगितलं की आम्ही व्यायाम वाढवला, वजनाकडे लक्ष देतो. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, खर्च, गैरहजेरी यांत फरक नाही. म्हणजे योगा वाईट असं नाही, मीही करते. पण पाळीचं वेळापत्रक तसंच ठेवून मॅट वाटल्याने फार काही हलत नाही असं दिसतं.

उलट बाजूला कामाच्या तासांचा पुरावा बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मांडलं की आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे 35 टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा 17 टक्के जास्त. 2016 या एका वर्षात यामुळे 7,45,000 मृत्यू झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. बुटीबोरीतला बारा तासांची पाळी आणि वर ओटी करणारा गार्ड आठवड्याला किती तास भरतो, ते बोटांवर मोजा.

तुम्हाला उपक्रमच अभ्यासायचा असेल तर असा शोधा ज्यात कामात काही बदललं: पाळीचा क्रम, सुटीचा नियम, माणसांची संख्या. आधी आणि नंतर मोजा, आणि ज्या युनिटमध्ये बदल झाला नाही तेही मोजा.

संख्याशास्त्र येत नाही. चालेल?

शिकायला तयार असाल तर चालेल. जमोवी आणि आर ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत. चोरलेल्या एसपीएसएसची आता गरज नाही. सूत्रं पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट डोक्यात ठेवा: जे आजारी पडले ते बहुधा काम सोडून गावी गेले. तुमच्यासमोर उभे आहेत ते टिकलेले. म्हणून कळमन्याचा हमाल शेजारच्या दुकानदारापेक्षा धडधाकट दिसतो, आणि त्यावरून पोती उचलणं तब्येतीला चांगलं असं ठरत नाही. जमलं तर सोडून गेलेल्यांना शोधा. भंडारा, बालाघाट, छिंदवाडा, तिथे जावं लागतं.

पीएच.डी.ला प्रवेश कसा? पैसे मिळतात का?

पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, राखीव प्रवर्गांना 5 टक्के सूट. यूजीसीच्या 2022च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर थेटही येता येतं. एम.फिल. बंद झालं आहे, त्याची वाट पाहू नका. प्रवेश नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या परीक्षेतून. नेटमध्ये मानसशास्त्र, मॅनेजमेंट आणि कामगार कल्याण-एचआर हे वेगवेगळे विषय आहेत. तुमच्या पदव्युत्तर विषयाशी जुळणारा घ्या.

नेटमधून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 आणि पुढे एसआरएफ म्हणून 42,000, वर घरभाडं. राज्याची सेट परीक्षा पास झालात तर प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्था बघा: ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, जिचं कार्यालय नागपुरातच आहे, अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. जाहिराती उशिरा निघतात आणि हप्ते अडकतात, हे गृहीत धरूनच घरचं गणित मांडा.

किती वर्षं लागतील?

नियमाने किमान तीन, कमाल सहा. महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती रजा. नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येते, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. अर्धवेळवाल्यांनी स्वतःच्याच कंपनीत अभ्यास करू नये. पगार देणाऱ्याबद्दल खरं लिहिणं कोणालाच जमत नाही.

आणि नंतर नोकरी?

खरं सांगायचं तर इथेच जीव दुखतो. सहायक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाने 57,700, म्हणजे वाईट नाही. पण कायम जागा निघतात कधी? अनुदानित महाविद्यालयांत वर्षानुवर्षं सीएचबीवर, तासिका तत्त्वावर माणसं शिकवताहेत. सुटीत पैसे नाहीत, मानधन महिनोन्महिने येत नाही, पुढच्या जूनला तास मिळतील की नाही ठाऊक नाही. मेहनत आणि मोबदला यांच्या तफावतीवर वर्गात शिकवणारा माणूस स्वतःच त्या मॉडेलमधला नमुना असतो. सीएचबी प्राध्यापकांच्या आरोग्यावर कोणी मन लावून पीएच.डी. केली तर मी स्वतः डेटा गोळा करायला येईन.

दुसऱ्या वाटा आहेत. आयसीएमआरचे प्रोजेक्ट, सार्वजनिक कंपन्यांतली कल्याण आणि एचआर खाती, वैद्यकीय महाविद्यालयांतले संशोधन सहायक, सल्लागार कंपन्या. खाजगी विद्यापीठं घेतात, पण तिथे ॲडमिशनचं टार्गेटही गळ्यात पडू शकतं. पीएच.डी.च्या काळातच डेटा हाताळणं आणि अहवाल लिहिणं या दोन गोष्टींत हात बसवला तर नागपुरात राहूनही बाहेरचं काम मिळतं.

मी एमबीबीएस आहे. मला पीएच.डी. करावीच लागेल का?

नाही. कारखान्याचा डॉक्टर व्हायचं असेल तर एएफआयएच हा औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा कोर्स आहे, मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत होतो. संशोधनातच यायचं असेल तर पीएसएममध्ये एमडी केलेलं बरं.

मुलाखतीत एखाद्याने जीव द्यावासा वाटतो असं सांगितलं तर?

तेव्हा तुम्ही संशोधक नसता, समोर बसलेले माणूस असता. वही बंद करा. काय करायचं हे आधीच ठरवून नैतिकता समितीला दिलेलं असलं पाहिजे: कोणाला फोन, कोणत्या दवाखान्यात, सोबत कोण. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो प्रत्येक संमतीपत्रकावर छापा. घरी सोडायला कोणी आहे का ते बघितल्याशिवाय उठू नका. आणि ही माहिती कंपनीला जाणार नाही, हे त्याला त्याच क्षणी पुन्हा सांगा. आयसीएमआरची संशोधनातल्या नैतिकतेबद्दलची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. मानसशास्त्र किंवा मॅनेजमेंटचे विद्यार्थी 'आमचं वैद्यकीय नाही' म्हणून समितीकडे जायचं टाळतात. टाळू नका.

पेपर कुठे छापायचा? पाच हजारात दोन दिवसांत छापून देतो म्हणतात.

तो पाच हजारांचा कागद आहे, पेपर नाही. यूजीसीने केअर ही मान्य जर्नलांची यादी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे कुठलं जर्नल चांगलं हे आता तुम्हालाच ओळखावं लागतं. संपादक मंडळातल्या दोघांना मेल करून बघा, तुम्ही खरंच संपादक आहात का. मजेशीर उत्तरं येतात.

इंग्रजी कच्चं आहे.

वाचायला पुरेल एवढं करावंच लागेल, कारण वाचायचं बहुतेक सगळं इंग्रजीत आहे. रोज एका लेखाचा फक्त 'पद्धती' हा भाग वाचा, चार महिन्यांत भीती जाते. लिहिण्याचं गाइड आणि मित्र मिळून निभावतात. बाकी शेडमध्ये, खाणीवर, टपरीवर लागते ती मराठी आणि इकडची हिंदी, ती तुमच्याकडे आहेच. बालाघाटच्या मजुराशी बोलता येत नसलेला पुण्याचा पोस्ट-डॉक या बाबतीत तुमच्या मागे आहे. येताना सिनॉप्सिस आणू नका, कोणत्या कामाकडे तुम्ही महिनाभर रोज बघू शकाल ते एका पानावर मराठीत लिहून आणा.